लाईन गेली-आली तरी डबा उठला पाहिजे: बूटलोडरमधला टीसीपी स्टॅक नव्याने बांधताना

बूटलोडर म्हणजे यंत्र चालू होताच सगळ्यात आधी चालणारा, मुख्य प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम. टीसीपी म्हणजे नेटवर्कवरून माल न गमावता, क्रमाने पोचवण्याची पद्धत, आणि ती राबवणारा कोड म्हणजे स्टॅक. बूटलोडरमध्ये टीसीपी कशाला, असं पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण विचारतो, आणि रास्तच विचारतो. टेबलावर, एकाच स्विचला सर्व्हर आणि बोर्ड जोडलेले असताना टीएफटीपी ही फाइल आणण्याची साधी पद्धत पुरते. १९९२ च्या आरएफसी (इंटरनेटचे नियम सांगणारा दस्तऐवज) १३५० मधलं हे टीएफटीपी एक ब्लॉक पाठवतं, त्याची पोच आली की पुढचा पाठवतं. टेबलावर ती पोच मिलिसेकंदाच्या आत येते. तोच बोर्ड मेळघाटातल्या ग्रामपंचायतीत ४जी राऊटरमागे लावा आणि जाण्या-येण्याचा वेळ ८० मिलिसेकंद धरा. २० एमबीच्या इमेजला (मुख्य प्रणालीची फाइल) ५१२ बाइटच्या ब्लॉकने ४०,९६० फेऱ्या लागतात, म्हणजे नुसतं वाट बघण्यात ५५ मिनिटं गेली. ब्लॉक १,४६८ बाइटचा केला तरी १९ मिनिटं. तेवढ्या वेळात लाईन, म्हणजे वीज, एकदा तरी जातेच.

त्यात टीएफटीपीचा सर्व्हर उत्तर देतो ते वेगळ्याच पोर्टवरून. मोबाइल कंपनीच्या एनएटीला (अनेक उपकरणांना एकच बाहेरचा पत्ता वाटून देणारी यंत्रणा) ते उत्तर अनोळखी वाटतं आणि ती ते टाकून देते. २०१५ च्या आरएफसी ७४४० ने टीएफटीपीला विंडो (पोचेची वाट न बघता एका दमात किती पाठवायचं ती मर्यादा) दिली, पण या अडचणीवर तिचा उपाय नाही. एचटीटीपीवरून इमेज आणायची तर टीसीपी हवं, आणि बूटलोडरमधलं टीसीपी बहुधा कोणीतरी घाईत, 'टेबलावर चाललं' एवढ्यावर सोडून दिलेलं असतं.

हा लेख त्याच्या दुरुस्तीचा आहे. डोळ्यांसमोर ठेवलेला डबा असा: शेतातल्या ओलावा-तापमान मोजणाऱ्या नोडची माहिती गोळा करणारा एक गेटवे, कधी ग्रामपंचायतीच्या कपाटावर, कधी कृषी सेवा केंद्राच्या काउंटरखाली. आत एक एआरएम चिप, थोडी फ्लॅश, भरपूर रॅम. फ्लॅशवरची मुख्य प्रणाली बिघडली, तर बूटलोडर सर्व्हरवरून नवी इमेज आणतो. ते जमलं नाही तर कोणीतरी गाडी काढून जायचं. दर्यापूरला एक वेळ ठीक, भामरागडला पावसाळ्यात जाऊन दाखवा.

नवीन लिहायचं की आयतं घ्यायचं

तुमचा बूटलोडर यू-बूट (अशा बोर्डांवर सर्रास दिसणारा मुक्त बूटलोडर) असेल आणि फ्लॅशमध्ये जागा असेल, तर आधी एलडब्ल्यूआयपी लावून बघा. अ‍ॅडम डंकेल्स यांनी स्वीडनमध्ये सुरू केलेला हा छोटा स्टॅक वर्षानुवर्षं असंख्य उपकरणांत रुळलेला आहे, आणि जानेवारी २०२५ च्या आवृत्तीपासून यू-बूटमध्ये तो पर्याय म्हणून निवडता येतो. यू-बूटचा जुना, स्वतःचा टीसीपी २०२२ च्या अखेरीस आला, तोही मुख्यतः डब्ल्यूगेट या एचटीटीपीने फाइल आणणाऱ्या आज्ञेसाठी.

चिप उत्पादकाने दिलेला जुना बूटलोडर गळ्यात असेल, किंवा काही किलोबाइटांतच सगळं बसवायचं असेल, तर स्वतः बांधावं लागतं. आणि एलडब्ल्यूआयपी घेतलं तरी खालचं बरंचसं तुमच्याच गळ्यात राहतं: रिंग (आलेली पॅकेटं थांबतात ती बफरची रांग), टायमर, लाईन आल्यावरची गर्दी यातलं काही स्टॅक तुमच्यासाठी ठरवत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. बूटलोडर हा जवळजवळ सगळा वेळ घेणारा आहे, देणारा नाही. तो एक सिन (कनेक्शन जोडण्याची मागणी) पाठवतो, एक गेट विनंती (फाइलची मागणी) पाठवतो, शेवटी एक फिन (कनेक्शन बंद करण्याची खूण). बाकी नुसत्या पोचा. त्यामुळे कंजेशन कंट्रोलची (वाटेत गर्दी झाली की वेग कमी करण्याची) बाडं वाचत बसू नका, ते काम सर्व्हरचं. तुमचं काम दोनच: जेवढं झेपेल तेवढंच माग, आणि जे मिळालं ते लगेच, खरं खरं सांग.

आधी दोन्ही टोकांना कान लावा

कोड उघडण्याआधी टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं नोंदवणारं साधन) लावा. एक सर्व्हरवर, दुसरा डब्याच्या अगदी जवळ. डब्याजवळ पकडायला पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या पॅकेटांची प्रत दुसऱ्यावर पाठवणं) असलेला स्वस्त स्विच पुरतो. यू-बूटमध्ये पीकॅप नावाची आज्ञाही आहे, ती पॅकेटं थेट मेमरीत साठवते. पण मी तिच्यावर एकटीवर विसंबत नाही, कारण जे पॅकेट हार्डवेअरच्या रिंगमधूनच पडलं ते तिलाही दिसत नाही.

दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की वाद मिटतो. सर्व्हरहून निघालं आणि डब्याच्या तारेवर आलंच नाही, ते इंटरनेटच्या लाईनीचं नुकसान. तारेवर आलं आणि तरी पोच गेली नाही, ते तुमचं. खेड्यातली लाईन खराब असतेच, त्यामुळे सगळं खापर तिच्यावर फोडायची सवय लागते. नोंदी बघाल तर यातलं बरंच नुकसान शेवटच्या फूटभर तारेत, म्हणजे आपल्याच डब्यात झालेलं सापडतं.

रिंग किती, तेवढीच विंडो

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला.

बूटलोडरमध्ये सहसा इंटरप्ट (पॅकेट आलं की प्रोसेसरला टोकणारा इशारा) नसतात. एक लूप फिरत राहतो आणि मधून मधून इथरनेटला विचारतो, काही आलं का? तोवर आलेली पॅकेटं रिंगमध्ये थांबतात. यू-बूटमध्ये ही रिंग मूळ सेटिंगला ४ बफरची असते. आणि स्टॅक मात्र सर्व्हरला ऐटीत सांगतो की माझी विंडो ६५,५३५ बाइटची आहे, म्हणजे जवळपास ४४ पॅकेटं एका दमात पाठव. सर्व्हर बिचारा विश्वास ठेवतो. पाचव्या पॅकेटपासून पुढचं सगळं जमिनीवर.

त्यात भर सिरीयल कन्सोलची. ११५२०० बॉडवर एक अक्षर जायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. १०० एमबीपीएसवर पूर्ण आकाराची फ्रेम येते दर १२३ मायक्रोसेकंदांनी. दर पॅकेटला प्रगती दाखवायला एक '#' छापलात, तर यूआर्टची (सिरीयल पोर्टच्या चिपची) छोटी फिफो, म्हणजे रांग, भरल्यावर दोन पॅकेटांमधला दोन तृतीयांशाहून जास्त वेळ त्या एका चिन्हात गेला. आणि '५८ क्रमांकाचं सेगमेंट चुकीच्या क्रमाने आलं' अशी साठ अक्षरांची डीबग ओळ छापलीत, तर ५ मिलिसेकंद गेले. तेवढ्यात ४० च्या वर फ्रेम येऊन पडू शकतात. दोष शोधायला लावलेलं प्रिंट हेच दोषाचं कारण होऊन बसतं, आणि प्रिंट काढलं की दोष गायब. म्हणून पहिला नियम असा ठेवा: ट्रान्सफर चालू असताना कन्सोलवर काही छापायचं नाही. नोंदी रॅममधल्या गोल बफरमध्ये टाका, काम संपल्यावर छापा. प्रगती दाखवायचीच असेल तर सेकंदाला एकदा.

'आमची लाईन कुठे १०० एमबीपीएसची आहे' असं कोणी म्हणेल. सरासरीने नाहीच. पण ४जी आणि पॉइंट-टू-पॉइंट रेडिओवर पॅकेटं घोळक्याने येतात. राऊटर ती गोळा करतो आणि डब्याकडे पूर्ण वेगाने सोडतो.

आता आकडे जुळवा. रिंग ३२ ची करा. एका बफरला १,५३६ बाइट धरले तर ४८ केबी झाले, शेकडो एमबी रॅम असलेल्या बोर्डावर हे काहीच नाही. त्यातले ४ बफर एआरपी (आयपीवरून हार्डवेअरचा पत्ता विचारणारी पॅकेटं) आणि इतर ब्रॉडकास्टसाठी सोडा, कारण पंचायतीच्या स्विचवर जुना प्रिंटर, सीसीटीव्ही आणि दोन-तीन संगणक सतत काही ना काही ओरडत असतात. उरले २८. एमएसएस (एका पॅकेटात मावणारा जास्तीत जास्त माल) १,४६० धरून विंडो झाली ४०,८८० बाइट. ८० मिलिसेकंदांच्या फेरीला हा वेग सेकंदाला पाच लाख बाइटच्या आसपास जातो, म्हणजे लाईनीने साथ दिली तर २० एमबी पाऊण मिनिटाच्या आत. रिंग ४ चीच ठेवून विंडो ३ पॅकेटांची केली तर तेच काम साडेसहा मिनिटांवर जातं. विंडो स्केलिंगच्या भानगडीत पडू नका. ६५,५३५ च्या आत जे मिळतं ते या कामाला पुष्कळ आहे.

विंडो फार लहान ठेवण्याचा आणखी एक तोटा पटकन लक्षात येत नाही. हरवलेलं पॅकेट सर्व्हर लगेच परत पाठवतो ते तीन दुबार (तोच जुना क्रमांक पुन्हा मागणाऱ्या) पोचा आल्यावर. विंडोच तीन पॅकेटांची असेल, तर एक हरवल्यावर मागे उरतात दोन, तिसरी दुबार पोच तयारच होत नाही. मग सर्व्हर बहुतेक वेळा त्याच्या टायमरची वाट बघतो. लिनक्सवर तो किमान २०० मिलिसेकंदांचा, आणि पुन्हा हुकलं की दुप्पट होत जातो. पाच टक्के पॅकेटं खाणाऱ्या लाईनवर या वाट बघण्याचा ढीग होतो.

क्रम चुकला तरी फेकू नका

जुन्या छोट्या स्टॅकमध्ये हमखास दिसणारी गोष्ट: अपेक्षित क्रमांकाचं सेगमेंट (टीसीपीच्या मालाचा एक तुकडा) नसेल तर गुपचूप टाकून द्यायचं. एक हरवलं की त्यामागून आलेली सत्तावीस वाया, आणि सर्व्हरला काहीच कळत नाही.

बूटलोडरला इथे एक मोठी सोय आहे. माल शेवटी कुठे जायचा तो रॅममधला पत्ता आधीच ठरलेला असतो. त्यामुळे क्रम चुकून आलेलं सेगमेंट वेगळ्या रांगेत धरून ठेवायची गरज नाही. सिक्वेन्स नंबरवरून (मालातल्या बाइटचा क्रमांक) त्याची जागा काढा, थेट तिथे लिहा, आणि कुठल्या पट्ट्या भरल्या याची एक छोटी यादी ठेवा. १६ नोंदींची स्थिर यादी पुरते. यादी भरली तर नवं सेगमेंट सोडून द्या. त्याची पोच दिलेली नाही, सर्व्हर ते परत पाठवेल. मेमरी ॲलोकेशन मुळीच नको.

दोन पथ्यं मात्र पाळा. पहिलं, लिहिण्याआधी सेगमेंटची दोन्ही टोकं विंडोच्या आत आणि ठरलेल्या मेमरीच्या आत आहेत का ते तपासा. बाहेरून आलेल्या आकड्यावरून पत्ता काढून डोळे मिटून लिहिणं म्हणजे कोणालाही बूटलोडरवर लिहू देणं. दुसरं, एचटीटीपीचं हेडर किती लांब असेल ते आधी माहीत नसतं, म्हणून हेडर संपेपर्यंत फक्त क्रमाने आलेलंच घ्या. हेडर संपलं की मूळ पत्ता पक्का होतो, मग मोकळं सोडा.

क्रम चुकून आलेल्या प्रत्येक सेगमेंटला त्याच क्षणी पोच गेली पाहिजे, तीही 'मला अजून अमुक क्रमांक हवा' अशी जुन्याच क्रमांकाची. सरळ चाललेलं असताना मात्र एका फेरीत रिंग रिकामी करून शेवटी एकच पोच पाठवली तरी चालतं. ४जीची वर जाणारी वाट अरुंद असते, तेवढाच भार कमी. निवडक पोच, म्हणजे सॅक, नंतर जोडा. पट्ट्यांची यादी असली की ते सोपं जातं.

बाइटांचे बारके हिशेब

हे पटापट, पण यातलं एकही सोडू नका.

सिक्वेन्स नंबर ३२ बिटचा असतो आणि उलटून शून्यावर येतो. सर्व्हर सुरुवातीचा क्रमांक यादृच्छिक निवडतो. २० एमबीच्या फाइलला उलटण्याची शक्यता दर २०५ डाउनलोडमागे साधारण एकदा. टेबलावर दहादा करून बघाल तर कधीच दिसणार नाही, शंभर गावांत डबे लावले की दिसेल. म्हणून 'अ लहान की ब' असं थेट विचारायचं नाही. वजाबाकी करून उत्तर चिन्हयुक्त ३२ बिट मानायचं आणि ते ऋण आहे का ते बघायचं. टायमरलाही तेच. मायक्रोसेकंदांचा ३२ बिट काउंटर ७१ मिनिटांत उलटतो.

नुसती पोच किंवा फिन असलेली फ्रेम ५४ बाइटची असते. इथरनेटला किमान ६० लागतात, म्हणून शेवटी ६ बाइटांची भर पडते. टीसीपीच्या मालाची लांबी फ्रेमच्या लांबीवरून काढलीत तर ही भरही माल समजली जाते आणि फाइलमध्ये सहा फुकटचे बाइट घुसतात. लांबी नेहमी आयपी हेडरमधल्या एकूण लांबीवरूनच काढा.

फिन दिसला म्हणजे फाइल पूर्ण झाली असं नाही. फिन पुढे येऊन मधलं सेगमेंट मागे राहू शकतं. फिनचा क्रमांक लिहून ठेवा, मधली भोकं बुजली की मगच तो माना. वरून कंटेंट-लेन्थशी (सर्व्हरने सांगितलेली फाइलची लांबी) ताळा करा.

सिनमध्ये एमएसएस सांगायला विसरलात तर सर्व्हर ५३६ धरतो. सांगताना १,४६० ऐवजी १,३६० सांगा, असा माझा सल्ला. वाटेत टनेल किंवा पीपीपीओई असतं (पॅकेटाला जास्तीचं वेष्टण घालणाऱ्या जोडण्या, त्यामुळे आत जागा कमी उरते), 'पॅकेट मोठं आहे' हा आयसीएमपीचा निरोप कोणीतरी अडवलेला असतो, आणि मग छोटी पॅकेटं जातात पण मोठी गिळली जातात. हँडशेक होतो, म्हणजे कनेक्शन जोडलं जातं, पण मालाचा पत्ता नाही. शंभर बाइट सोडून दिले की ही डोकेदुखी मुळातच टळते. वर काढलेले विंडोचे आकडे मग त्या प्रमाणात थोडे खाली येतील, एवढंच.

वाट किती बघायची

आपण पाठवतो ती तीनच सेगमेंट, पण त्यांचा टायमर नीट हवा. आरएफसी ६२९८ चं सूत्र घ्या: पहिला मोजलेला फेरीचा वेळ हाच सरासरी, त्याचा निम्मा हा चढउतार, आणि टायमर म्हणजे सरासरी अधिक चढउताराची चौपट. पुढे दर मापाला चढउतार एक चतुर्थांशाने आणि सरासरी एक अष्टमांशाने सरकवायची, आधी चढउतार, मग सरासरी. किमान १ सेकंद ठेवा. परत पाठवलेल्या सेगमेंटची पोच मोजमापात धरू नका, कारण ती पहिल्या प्रतीची की दुसऱ्या, हे सांगता येत नाही. दर वेळी हुकलं की टायमर दुप्पट. गेट विनंतीची प्रत पोच येईपर्यंत जपून ठेवा. बरेच स्टॅक ती पाठवतात आणि विसरतात.

खरा खड्डा पुढे आहे. गेटची पोच आली, माल येऊ लागला, आणि मध्येच टॉवरची लाईन गेली. टॉवर परत आला तेव्हा एनएटीच्या वहीतून आपलं कनेक्शन पुसलेलं. आपल्याकडे परत पाठवण्यासारखं काहीच उरलेलं नाही, त्यामुळे आपला टायमरही चालू नाही. डबा जन्मभर वाट बघत बसतो. पंचायतीतून परिचालकाचा फोन येतो: "भाऊ, डब्बा लाल लाइटवरच अटकून राहिला." तो बंद करून चालू करतो, डबा चालतो, आणि आपल्याला कारण कळत नाही.

यावर निष्क्रियतेचा वेगळा टायमर लावा. १० सेकंद काही आलं नाही तर एक चाचपणी पाठवा: आपल्या पुढच्या क्रमांकापेक्षा एकने कमी क्रमांक असलेली रिकामी पोच. समोरचा जिवंत असेल तर पोच देतो, ओळखत नसेल तर रिसेट (कनेक्शन तोडण्याचा निरोप) देतो, दोन्हींतून काहीतरी कळतं. तीन चाचपण्यांना उत्तर नाही तर कनेक्शन सोडा आणि नवं जोडा. नव्या कनेक्शनवर एचटीटीपीची रेंज विनंती करून, जिथपर्यंत सलग माल आला आहे त्याच्या पुढून मागा. मेमरीत आलेला माल कुठे जात नाही. सर्व्हरवरची फाइल मध्येच बदलली नाही ना, एवढं मात्र ईटॅगवरून (फाइलच्या आवृत्तीची खूण) तपासा.

वॉचडॉगबद्दल (वेळेत खाऊ मिळाला नाही तर डबा रीबूट करणारा टायमर) एक शब्द. पोलिंग लूपमध्ये दर फेरीला त्याला खाऊ घालत राहिलात, तर तो असून नसल्यासारखा. नवा बाइट आला, किंवा नवा प्रयत्न सुरू झाला, तरच खाऊ घाला.

रीबूटनंतर जुनं भूत

संध्याकाळी शेतीच्या फीडरवर थ्री फेज आली की एकाच वेळी पंप सुरू होतात, दाब खाली जातो, आणि डबा मध्येच रीबूट होतो. उठल्यावर तो तोच ठरलेला पोर्ट आणि तोच ठरलेला सुरुवातीचा क्रमांक घेऊन सर्व्हरकडे जातो. सर्व्हरच्या लेखी मात्र जुनं कनेक्शन अजून चालू आहे. तो सिनला सिन-अ‍ॅक (सिन स्वीकारल्याचं उत्तर) देत नाही, जुन्या क्रमांकाची पोच पाठवतो. नियम असा की, सिन पाठवून बसलेल्याने अशी न जुळणारी पोच आली तर तिच्यातलाच पोच क्रमांक वापरून रिसेट पाठवावा. सर्व्हर जुनं कनेक्शन बंद करतो आणि पुढचा सिन स्वीकारतो. बऱ्याच छोट्या स्टॅकमध्ये ही एक ओळ नसते, आणि सर्व्हरची वाट बघण्याची मुदत संपेपर्यंत डबा बाहेर उभा राहतो.

हे लिहाच, पण वेळ यायलाच नको म्हणून पोर्ट आणि सुरुवातीचा क्रमांक दर वेळी बदला. हार्डवेअर रँडम जनरेटर असेल तर उत्तम. नसेल तर सायकल काउंटर, मॅक पत्ता आणि फ्लॅशमध्ये जपलेला बूटचा आकडा यांचं मिश्रण घ्या. नुसत्या काउंटरवर जाऊ नका, बूटलोडर दर वेळी जवळजवळ त्याच क्षणाला तिथे पोहोचतो.

आलेला रिसेट मानताना त्याचा क्रमांक आपल्या अपेक्षित क्रमांकाशी तंतोतंत जुळतो का ते बघा. नसेल तर पोच पाठवून पुढे चला.

लाईन आल्यावरची झुंबड

लाईन येते तेव्हा सगळ्यांना एकदम येते. डबा तीन-चार सेकंदांत उठतो, राऊटर किंवा ओएनटी (फायबरचा मोडेम) मिनिटभर घेतो. बूटलोडर पाच वेळा डीएचसीपी (राऊटरकडून मिळणारा आयपी पत्ता) मागून हात टेकतो आणि प्रॉम्प्टवर, माणसाच्या आज्ञेची वाट बघत, जाऊन बसतो. शेतातल्या डब्याला प्रॉम्प्टचा काय उपयोग? हार मानण्याची अवस्थाच काढून टाका. लिंक, डीएचसीपी, एआरपी, सिन, यांतलं काहीही हुकलं तर थांबा आणि पहिल्यापासून सुरू करा. थांबण्याचा काळ दुप्पट होत दोन मिनिटांपर्यंत जाऊ द्या, आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळा, नाहीतर एका डीपीवरचे सगळे डबे एकाच ठोक्याला सर्व्हरवर धडकतात.

अवस्था कागदावर मांडा

आता स्टॅकची मांडणी. टीसीपीच्या ११ अवस्था आरएफसी ९२९३ मध्ये दिल्या आहेत. आपण कोणाची वाट बघत ऐकत नाही, त्यामुळे 'लिसन' आणि 'सिन-रिसीव्ह्ड' या दोन गळल्या. उरलेल्यांचा तक्ता कागदावर काढा, प्रत्येक चौकोनात काय करायचं ते लिहा, आणि एकही चौकोन रिकामा ठेवू नका. रिकाम्या चौकोनात काय होतं ते खेड्यात कळतं.

एका कनेक्शनची सगळी माहिती एका स्ट्रक्चरमध्ये ठेवा, जागतिक व्हेरिएबल नकोत. टीसीपीने एचटीटीपीबद्दल काही जाणू नये. वेळ आणि पॅकेट पाठवणं ही दोन फंक्शनं बाहेरून द्या. याचा फायदा पुढच्या पायरीला.

कनेक्शन आधी सर्व्हरला बंद करू द्या. 'कनेक्शन: क्लोज' मागितलं की तो माल संपताच फिन पाठवतो, आणि टाइम-वेट ही लांब थांबण्याची अवस्था त्याच्याकडे जाते. आपल्याला कर्नलकडे (मुख्य प्रणालीचा गाभा) उडी मारायची घाई असते. उडी मारण्याआधी इथरनेटचा डीएमए (प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहिणारी यंत्रणा) बंद केला का ते मात्र बघा. तो चालू राहिला तर पुढचं एखादं ब्रॉडकास्ट पॅकेट सरळ कर्नलच्या मेमरीत उतरतं, आणि मग कर्नल कधीतरी, कुठेतरी, कसाही पडतो.

टीसीपीचा चेकसम फक्त १६ बिटचा असतो. तो तपासायचाच, पण इमेज खरी की खोटी हे त्याच्यावर सोडायचं नाही. एसएचए-२५६ (इमेजचा ठसा) आणि सही तपासल्याशिवाय एकही बाइट चालवू नका आणि फ्लॅशवर लिहू नका.

टेबलावर जुलै आणा

वेळ आणि पॅकेट बाहेरून दिलेले असल्याने स्टॅक लिनक्सवर साधा प्रोग्राम म्हणून चालवता येतो. तिथे खोटं घड्याळ लावा आणि पॅकेटं हाताने भरवा: उलटण्याच्या सीमेवरचा क्रमांक, मालाआधी आलेला फिन, दुबार सिन-अ‍ॅक, विंडोबाहेरचं सेगमेंट. सर्व्हरचा सुरुवातीचा क्रमांक तुमच्या हातात नसतो, त्यामुळे उलटण्याची चाचणी करायला हाच सोयीचा मार्ग.

मग खरा बोर्ड. मध्ये दोन इथरनेट पोर्ट असलेला जुना लॅपटॉप ब्रिज म्हणून ठेवा आणि दोन्ही पोर्टवर नेटेम (मुद्दाम उशीर आणि नुकसान घडवणारं लिनक्सचं साधन) लावा, कारण नेटेम बाहेर जाणाऱ्यालाच छळतो. १०० मिलिसेकंद उशीर, त्यात ५० चा चढउतार, ५ टक्के नुकसान, १ टक्का दुबार, थोडी क्रमाची अदलाबदल. लॅपटॉपवरचे टीएसओ, जीएसओ आणि जीआरओ (पॅकेटं गठ्ठ्याने हाताळणाऱ्या सोयी) आधी बंद करा. ते चालू असतील तर नेटेमला अनेक पॅकेटांचा एकच गठ्ठा दिसतो आणि तो अख्खा गठ्ठा टाकतो, मग आकडे खोटे येतात. शेवटी ट्रान्सफर चालू असताना केबल काढा, पंधरा सेकंदांनी लावा, आणि स्विचचा प्लग खेचा. टायमरवरचा रिले लावून रात्रभर वीज घालवत-आणत राहा.

टेबलावर जमत नाही ते एक: रेडिओ लिंक सागवानाच्या रानातून जात असेल तर उन्हाळ्यात पानं झडलेली असतात, एप्रिलमध्ये जोडलेली लिंक झकास चालते. पाऊस पडला, सागाला परातीएवढी पानं फुटली, ती ओली झाली, की तीच लिंक निम्मी पॅकेटं खाते. म्हणून नुकसान ५ टक्क्यांवर थांबवू नका, २५ पर्यंत न्या. हळू चालेल, पण पुरं झालं पाहिजे.

गावात पाठवताना

बूटलोडर दुरून बदलणं हे सगळ्यात धोक्याचं काम, कारण तो बिघडला की वाचवायला खाली कोणी नाही. ईएमएमसीमध्ये (बोर्डावरची फ्लॅश) दोन बूट पार्टिशन असतात. नवा दुसऱ्यात लिहा, वाचून ताळा करा, मगच तिकडे वळवा, पहिल्याला हात लावू नका. चिप दुसऱ्या प्रतीवर आपोआप जात नसेल तर दुरून करूच नका, डबा बदलून आणा.

पहिले डबे बस स्टँडजवळच्या गावी लावा, जिथे दुपारी निघून संध्याकाळी परत येता येतं. प्रत्येक डब्याने बूट झाल्यावर चार आकडे सर्व्हरला कळवावेत: किती वेळा परत पाठवावं लागलं, किती सेगमेंट क्रम चुकून आली, रिंग किती वेळा भरून वाहिली, किती वेळा रेंजने पुन्हा सुरुवात झाली. पहिले दोन वाढले तर लाईन बघा. तिसरा शून्याच्या वर गेला तर पुन्हा विंडो आणि कन्सोलकडे या. चौथा एकाच गावातून सारखा येत असेल तर तिथे चांगला इन्व्हर्टर पाठवा, कोडला हात लावू नका.